वर्ध्याच्या घरमालकांनो, बिळाचं काय करता?

वर्ध्यातल्या घर-वाडा-गोदाम मालकांना,


सोयाबीन घरात आलं की उंदीर-घुशींची तक्रार सुरू होते आणि तुमचं उत्तर ठरलेलं असतं: किरायेदार घाण करतात. किरायेदार म्हणतो, जोतं मालकानं पोखरू दिलं. दोघंही अर्धे खरे.

नगरपरिषद अधिनियम, 1965 मध्ये घाणीची नोटीस मालकालाही निघते आणि भोगवटादारालाही, त्यामुळे किरायेदाराकडे बोट दाखवून सुटका नाही. पुढे भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 आहेच. त्याचं कलम 14 घर राहण्याजोगं दुरुस्त ठेवणं मालकावर टाकतं. नोटीस मिळून 15 दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर किरायेदार ती स्वतः करून खर्च किरायातून वळता करू शकतो. मर्यादा वर्षाच्या किरायाच्या एक चतुर्थांशाची. त्या कलमात उंदराचं नाव नाही. पण पोखरलेलं जोतं, जाळीविना मोरी, सरकलेले कवेलू ही दुरुस्ती नाही तर काय? उघडं खरकटं आणि सांडलेलं धान्य मात्र किरायेदाराचंच. ते तुमच्या माथी मारत नाही.

खरी अडचण कुलूपबंद वाड्यांची. मालक नागपूर-पुण्याला, वारसांचे दावे चालू, आत घुशींचं राज्य. तिथे दोष द्यायला किरायेदारही नसतो. 1994 मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगचे रुग्ण आढळले. आदल्या वर्षीच्या किल्लारी भूकंपानंतर भीतीनं सोडलेल्या घरांत धान्य राहिलं आणि उंदीर माजले, असं कारण तेव्हा पुढे आलं. शेजाऱ्यांना उपद्रव झाला, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली उपविभागीय दंडाधिकारी तो हटवायचा आदेश काढू शकतात. पण असा अर्ज करायला कोण जातो? शेजारधर्म आडवा येतो.

सेवाग्रामचा अभिमान आपण सगळेच मिरवतो, म्हणून एक आठवण. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा गांधीजी राजकोटात घरोघरचे संडास तपासत फिरले. गरिबांनी हरकत घेतली नाही. बड्यांनी घेतली, आणि घाण त्यांच्याकडेच जास्त निघाली.

मागणं मोठं नाही. पावसाळ्याआधी मोरीला जाळी, भगदाडांत काच-सिमेंट, बंद वाड्याची किल्ली शेजारी कुणाकडे तरी. तेवढं झालं तर कलम 14 ची नोटीस लिहायचे माझे कष्ट वाचतील.

तुमच्याच गल्लीतला,
एक किरायेदार