न भेटलेल्या निर्मातीचं ऋण

ब्रिटिश दूरचित्रवाणी-निर्मात्या व्हेरिटी लॅम्बर्ट यांना मी कधी भेटले नाही. २२ नोव्हेंबर २००७ रोजी त्या गेल्या. मी एडिनबरात आले ती त्यानंतर. तरीही निर्मितीचं काम मला कुणी शिकवलं असं विचाराल, तर मी त्यांचंच नाव घेईन.

इथे दर ऑगस्टमध्ये दूरचित्रवाणी महोत्सव भरतो. त्यातलं मानाचं मॅक्टॅगर्ट व्याख्यान १९९० साली लॅम्बर्ट यांनी दिलं होतं. महोत्सवातल्या जुन्या मंडळींकडून त्यांच्याविषयी ऐकलं आणि मी त्यांची कारकीर्द वाचत गेले.

सुरुवात टंकलेखनापासून. १९५८मध्ये एका नाटकाचं थेट प्रक्षेपण चालू असताना एक नट वारला. दिग्दर्शक टेड कोटचेफ बाकीच्या नटांना सावरायला धावले, तेव्हा कॅमेऱ्यांची सूत्रं साहाय्यिका असलेल्या लॅम्बर्ट यांनी हाती घेतली आणि नाटक तडीस नेलं. १९६३मध्ये बीबीसीच्या नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन यांनी त्यांना 'डॉक्टर हू' या नव्या विज्ञानकथा-मालिकेसाठी बोलावलं. तेव्हा त्या २७ वर्षांच्या होत्या, आणि तिथल्या नाट्यविभागात दुसरी स्त्री निर्माती नव्हती. पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन लखनौत जन्मलेले, त्यांच्याहूनही लहान.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो डालेकांचा, म्हणजे मालिकेतल्या परग्रहवासी खलपात्रांचा, प्रसंग. न्यूमन यांना मालिकेत बटबटीत डोळ्यांचे राक्षस नको होते. टेरी नेशन यांची डालेकांची कथा मालिका-विभागाचे प्रमुख डोनाल्ड विल्सन यांनाही नापसंत होती. दुसरी संहिता तयार नव्हती हे खरंच; पण लॅम्बर्ट यांचा या कथेवर विश्वासही होता. त्या हटल्या नाहीत. डालेकांनी इंग्लंडभरच्या मुलांना वेड लावलं आणि मालिका तगली.

पुढे माझ्या हाती पहिली विज्ञानकथा आली. लेखिका नवखी होती; शेवट गुळगुळीत करा, असा वरून आग्रह होता. संहिता पुन्हा वाचली, पटली, आणि मी लेखिकेच्या बाजूने उभी राहिले. ते बळ लॅम्बर्ट यांचं.

हे ऋण पुढच्यांना देऊनच फिटेल. नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे यांच्या मराठीत विज्ञानकथांना तोटा नाही. ज्यांच्या हाती मालिकांचा निर्णय आहे, त्यांनी एखादी कथा मनापासून निवडावी आणि वरून नकार आला तरी तिची पाठराखण करावी.