करवंदीचा काटा

जिला आम्ही घरातली सारी मंडळी उन्हाळी गळू समजून पंधरवडाभर पोटीस बांधीत राहिलो, ती माझ्या उजव्या पोटरीवरची जांभळट, गुळगुळीत गाठ वस्तुतः ‘मर्केल सेल कार्सिनोमा’ नामक दुर्मिळ व अत्यंत आक्रमक त्वचाकर्करोगाची आहे, असा अहवाल परळच्या टाटा रुग्णालयात हाती पडला, तेव्हा ‘मग ती दुखत कशी नाही?’ एवढेच मी विचारले. न दुखता वाढणे हाच तिचा शिरस्ता, असे उत्तर मिळाले. ज्या जर्मन मर्केलने १८७५ साली त्वचेतील स्पर्शपेशींचे वर्णन केले, त्याला या रोगाची वार्ताही नव्हती. अशा पुष्कळ गाठींत आढळणारा विषाणू तर २००८ साली उजेडात आला.

गाठ काढली, जांघेतील लसीकाग्रंथीही काढल्या, आणि किरणोपचारांना अवधी असल्यामुळे मी माथेरानला घरी परतलो. ग्रंथी गेल्या की पायावरचा पहारा उठतो, तेव्हा ओरखडाही नको, अशी सक्त ताकीद होती. तरी ज्येष्ठातल्या पहिल्या सरीनंतर तांबड्या मातीचा वास आला आणि मी चपला घालून बाहेर पडलो. करवंदीचा काटा घोट्याला ओझरता लागला. रक्ताचा एकच थेंब.

रात्री हुडहुडी भरली. पहाटेस पाय गुडघ्यापर्यंत लालभडक, आणि मी असंबद्ध बरळत होतो, असे पत्नी सांगते. गावात मोटारींना मज्जाव. रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णाला घेऊन खाली गेलेली. अखेर हातरिक्षाची तजवीज झाली: एक जण पुढून ओढणारा, दोघे मागून रेटणारे. मोटारी जिथवर येतात त्या दस्तुरी नाक्यापर्यंत, जिथे जिथे दगड आला तिथे तिथे पुढचा गडी थांबे, चाक अलगद उतरवी आणि मागे वळून माझ्या पायाकडे पाही.

जंतू रक्तात उतरले होते, रक्तदाब ढासळला होता. शिरेतून प्रतिजैविके घेत मी दहा दिवस रुग्णालयात पडून राहिलो. किरण द्यावेत तर सुजलेली कातडी ते सोसणार नाही, आणि थांबावे तर मागे राहिलेली एखादी चुकार पेशी थांबणार नाही, असा तो पेच होता. त्या दिवसांत मला तापाहून भिंतीवरच्या कालनिर्णयाची अधिक धास्ती वाटे. किरणोपचार अखेर महिनाभर उशिराने सुरू झाले.

आता मी भर उन्हाळ्यातही गुडघ्याएवढे गमबूट घालून बाजारात जातो. घोडेवाले हसतात. तो रिक्षावाला मात्र हसत नाही. बूट नीट चढवले आहेत ना, तेवढे पाहतो.