ज्वारीवरची निळी झाक

मार्गशीर्षातली अंगारकी होती. रात्री जालन्याहून पायी निघालो, राजूरच्या अलीकडे उजाडलं. रस्त्याकडेची ज्वारी पोटऱ्यात आलेली, आणि कोवळ्या उन्हात सगळं रान निळसर दिसत होतं. पुलापाशी रानात उतरून एका ताटाला हात लावला. बोटाला पांढरी पूड लागली. बोट फिरलं तिथं खालचा हिरवा रंग लख्ख उघडा पडला.

म्हणजे निळा रंग ज्वारीत नव्हताच. ती पूड मेणाची. तिचे कण इतके बारीक, की उजेडातला निळा भाग ते जास्त विखुरतात. कांद्याच्या पातीवर, एरंडाच्या खोडावर हेच मेण. काळ्या द्राक्षांवरही; कडवंचीकडच्या बागांत घड देठाला धरून का तोडायचा, ते तेव्हा उमगलं. रब्बीची ज्वारी जमिनीतल्या ओलीवर तगते. हे मेण ऊन परतवतं आणि आतलं पाणी आत ठेवतं.

अशीच निळाई दूर मलेशियाच्या दाट जंगलातही आहे. तिथं बेगोनियाची एक जात आहे, तिची पानं मोरपिसासारखी निळी झळकतात. तिच्या हरितकणांतले पापुद्रे वहीच्या पानांसारखे नेमक्या अंतरानं रचलेले असतात. निळा उजेड त्यांवरून परततो, आणि झाडांखाली झिरपणारा हिरवा-तांबडा उजेड पानाला अधिक पकडता येतो, असं 2016 साली संशोधकांनी दाखवलं. तिथं उजेडाची भूक, इथं उन्हाचा मारा. दोन्हीकडे निळाई, आणि निळा रंग असा कुठंच नाही. मला या गोष्टीचा अजून विस्मय वाटतो.

राजूरला टेकडीवरच्या गर्दीत गणपतीचं दर्शन झालं. खाली माळांच्या दुकानात रुद्राक्ष टांगलेले होते, तपकिरी, खडबडीत. त्यांचं ताजं फळ झळझळीत निळं असतं. साल ठेचली तरी निळा रस निघत नाही; सालीच्या पेशींतल्या थरांवर थर अशा रचनेतून तो रंग दिसतो. डेव्हिड ली यांनी 1991 साली ते उलगडलं. माळ हातात घेऊन मी बराच वेळ तो गेलेला निळा शोधत राहिलो.

परतताना पुलापाशी थांबलो. भर दुपारी सगळं रान धुरकट निळं होतं. सकाळच्या त्या ताटावर माझ्या बोटाची हिरवी रेघ मात्र तशीच होती, उन्हात उघडी.