सगळ्यांच्या सह्या

आमच्या इंदूरच्या वाड्याची वाटणी कितीतरी वर्षं सह्यांवर अडून होती. एक आत्या ग्वाल्हेरला, एक काका बडोद्याला, चुलतभाऊ अमेरिकेत. त्यामुळे सॉफ्टवेअरचं लायसन्स म्हणजे काय, हे मला चटकन कळलं.

'ओपन सोर्स म्हणजे फुकटच ना?' असं घरी विचारतात. तसं नाही. १९५७च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो. लिहिला की हक्क लिहिणाऱ्याचा, नोंदणी करा वा नका करू. (नोकरीचं काम म्हणून लिहिला असेल, तर वेगळा करार नसल्यास मालकाचा. कंपनीत असलेल्या मुलामुलींनी नेमणूकपत्र एकदा नीट वाचावं.) कोड सगळ्यांना दिसेल असा ठेवला म्हणून तो वापरायची परवानगी मिळत नाही. ती परवानगी लायसन्स देतं, अटींसकट. एमआयटी लायसन्स म्हणतं, न्या, विका, फक्त आमचं नाव आणि हा मजकूर सोबत ठेवा. जीपीएलची अट कडक: बदल करून दुसऱ्यांना द्याल, तर तुमचा कोडही याच अटींवर द्या.

अट नंतर बदलायची झाली की वाड्यासारखंच होतं. व्हीएलसी प्लेअर आपल्या सगळ्यांच्या संगणकावर असतो. पॅरिसजवळच्या एका कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी तो सुरू केला आणि २००१मध्ये जीपीएलखाली खुला केला. त्याचं आयफोनवरचं ॲप २०११च्या जानेवारीत ॲपलच्या दुकानातून निघालं, कारण ॲपलच्या अटी जीपीएलशी जुळत नाहीत अशी तक्रार व्हीएलसीच्याच एका प्रोग्रामरने केली होती. मग गाभ्याचं लायसन्स सौम्य करायचं ठरलं. पण हक्क ज्याचा त्याच्याकडे! ज्याँ-बाप्तिस्त केंफ यांनी शेकडो जणांना शोधून संमती मिळवली. ॲप २०१३च्या जुलैत परत आलं.

आमचा पसारा त्यामानाने एवढासा. वाचनालयाच्या मराठी पुस्तकांची सूची करणारा प्रोग्राम आम्ही सात जणांनी मिळून लिहिला. जीपीएल विचार करूनच लावलं होतं. आता एका कंपनीला तो स्वतःच्या बंदिस्त सॉफ्टवेअरमध्ये हवाय, म्हणजे एमआयटीखाली. पैसेही देतायत, आणि वाचनालयाचं छप्पर गळतंय. सहा जण तयार आहेत. सातवा हैदराबादचा, कॉलेजात होता. मागच्या वर्षी गेला.

लेखकाच्या मृत्यूनंतरही आपल्याकडे हक्क ६० वर्षं टिकतो. तो आता त्याच्या वारसांचा. मी काकूंना फोन केला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी, मग विचारलं, "त्याचं नाव काढणार का रे?"

"नाही काकू, नाव राहील. पण कुठल्यातरी फाइलमध्ये. उघडून बघणारं कोणी नसतं."

"यांच्याशी बोलून सांगते," म्हणाल्या. त्याला महिना झाला.

आमच्यातला एक म्हणतो, त्याचा भाग नव्याने लिहून टाकू, सहीची गरजच नको. कायद्याने चालेल. माझं मन होत नाही. पुस्तकांची नावं अकारविल्हे लावण्याचा तो भाग आहे. 'क्ष' आणि 'ज्ञ' शब्दकोशांसारखे शेवटी घ्यायचे, की 'क' आणि 'ज'मध्ये, यावर त्याने माझ्याशी रात्री एकपर्यंत वाद घातला होता. शेवटी घेतले, त्याच्या म्हणण्याप्रमाणे. कंपनीला मी अजून काही कळवलेलं नाही.