कड्यावरून आणि कड्याखाली

ॲरिझोनातील ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्याकडे येताना दरीची चाहूल लागत नाही. पाइनचे सपाट जंगल, पार्किंग, माणसांच्या पाठी, आणि मग पुढे जमीनच नसते. कोलोराडो नदीने कोरलेली ही दरी ४४६ किलोमीटर लांब, काही ठिकाणी २९ किलोमीटर रुंद आणि दीड किलोमीटरहून अधिक खोल आहे. एवढ्या पसाऱ्यापुढे नजर आधी गोंधळते; खोली उमगत नाही, नाटकातला रंगवलेला पडदा पाहावा तसे सगळे सपाट भासते. ती पुढे किती उमगेल, हे बरेचसे माणूस कशाने हिंडतो यावर ठरते.

गाडी असेल तर पूर्वेचा डेझर्ट व्ह्यू रस्ता सोयीचा. ग्रँडव्ह्यू, मोरान, लिपान, नवाहो असे पॉइंट एकामागून एक लागतात. लिपानवरून नदीचे मोठे वळण स्पष्ट दिसते. इतरत्र ती बहुधा कड्यांच्या आड असते. रस्त्याच्या टोकाला वास्तुकार मेरी कोल्टर यांनी उभारलेला दगडी मनोरा आहे. तो १९३२चा, पण शेकडो वर्षांचा वाटावा अशा बेताने रचलेला. आतली भित्तिचित्रे होपी चित्रकार फ्रेड काबोटी यांची. गाडीने एका दुपारी पॉइंट पुष्कळ होतात. तोटाही तोच. पाच मिनिटे कठड्यापाशी, चार फोटो, की दार लावून पुढे. उत्तर कडा समोर सोळा किलोमीटरवर दिसत असला, तरी रस्त्याने तिथे जायला तीनशेहून अधिक किलोमीटर पडतात.

पश्चिमेच्या हर्मिट रस्त्यावर मार्च ते नोव्हेंबर खासगी गाड्यांना साधारणपणे बंदी असते. या अकरा किलोमीटरांवर मोफत शटल धावते. जाताना ती नऊ पॉइंटांवर थांबते, परतताना मोजक्याच. त्यामुळे जाणते लोक एका पॉइंटावर उतरतात, कड्याने पुढच्या पॉइंटापर्यंत चालतात आणि मागून येणारी बस धरतात. सूर्यास्ताला होपी पॉइंटावर झुंबड उडते. मोहावी पॉइंटही तेवढाच देखणा असतो. पिमा पॉइंटावर वारा पडलेला असला, तर खालच्या प्रवाहाची घरघर वरपर्यंत येते. न दिसणारी नदी इथे कानाला भेटते.

दरीतल्या काही सुळक्यांची नावे मराठी माणसाला चकित करतात. भूवैज्ञानिक क्लॅरेन्स डटन यांनी एकोणिसाव्या शतकात त्यांतल्या दोहोंना विष्णू आणि शिव यांची मंदिरे म्हटले. ब्रह्मा, कृष्ण, रामही नकाशावर आले. तळाच्या काळ्या, अतिप्राचीन खडकालाही विष्णूचेच नाव आहे.

त्या खडकाचे वय कळण्यासाठी मात्र पायीच चालावे लागते. कड्यावरच्या सोप्या वाटेचा एक भाग कालमार्ग म्हणून आखलेला आहे. यावापाई भूविज्ञान संग्रहालयापाशी वर्तमानकाळ. तिथून कड्यावरच्या गावाकडे निघाले की प्रत्येक मीटरला दहा लाख वर्षे मागे. जमिनीत धातूच्या खुणा आणि बाजूला दरीतूनच आणलेले दगड, हात लावून पाहण्याजोगे. पायाखालच्या कड्याचा चुनखडक २७० मीटरवर भेटतो, विष्णू खडक मात्र जवळजवळ पावणेदोन किलोमीटरवर. पुस्तकात कोटींचे आकडे नुसते वाचले जातात. इथे ते पोटऱ्यांना कळतात.

कड्याखाली उतरणाऱ्या वाटांचा हिशेब उलटा असतो. सह्याद्रीतल्या किल्ल्यावर सकाळच्या ताज्या दमात चढ होतो आणि थकल्यावर उतार येतो. इथे उतार आधी, आणि दमलेल्या पायांना चढ, तोही उन्हात. तळाशी उष्माही वरच्यापेक्षा बराच जास्त. साउथ कायबाब वाटेवर पाणी नाही आणि सावलीही जेमतेम. तिथला ऊ-आह पॉइंट दीड किलोमीटरच्या आत आहे, आणि दरीत उतरल्याची पहिली खरी जाणीव देण्यास तो पुरेसा आहे. ब्राइट एंजल वाटेवर हंगामात प्यायला पाणी मिळते. नदी गाठून त्याच दिवशी परतू नये, असे इथल्या राष्ट्रीय उद्यानाचे अधिकारी बजावतात. उतरायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरावा, हा तिथला ठोकताळा. या वाटांवर खेचरांचे तांडेही असतात. तळाच्या फँटम रँच या मुक्कामाच्या ठिकाणाचे सामान आणि टपाल अजून त्यांच्याच पाठीवरून जाते. तांडा आला की चालणाऱ्याने डोंगराच्या बाजूला सरकून, दरीपासून दूर, स्तब्ध उभे राहायचे आणि शेवटचे खेचर बरेच पुढे गेल्यावरच निघायचे.