कंपनीची पेटी व आमचें घर

ज्या तारेनें आज आमच्या हिंगोली जिल्ह्यांत दूरदूरच्या वार्ता व चित्रें येतात, ती तांब्याची नसून कांचेची आहे. तिच्या गाभ्याची जाडी एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनहि कमी. आणि त्यांतून जो प्रकाश धांवतो तो डोळ्यांस दिसत नाहीं. म्हणून विद्यार्थी-मित्रांनीं सुटलेल्या तारेच्या टोंकास कौतुकानेंहि डोळा लावूं नये. ह्या प्रकाशाचें विजेच्या संकेतांत रूपांतर करणारी एक पेटी कंपनी घरोघर बसवून जाते. तिला कोणी मोडेम म्हणतात, कोणी ओएनटी.

आमच्या वसमतच्या घरींहि ती आली. घर जुनें, भिंती दोन हात रुंद. पेटी ओसरीवर, आणि मुलांच्या अभ्यासाची खोली माजघरापलीकडे. तेथवर तिची बिनतारी लहर पोंचेना. पुतणी परीक्षेचे धडे उघडण्यासाठीं ओसरीवर येऊन बसे, आणि तेथें हळदीच्या सौद्यांचीं बोलणीं चाललेलीं असत! पेटीची मांडणी बदलावी म्हटलें तर तिचा परवलीचा शब्द कंपनीजवळ. दरमहा पैसे आम्हीं भरावे आणि आमच्याच घराचा दरवाजा परक्यानें राखावा, हें धाकट्या बंधूंस असह्य झालें. "दादा, ही पेटीच काढून टाकूं आणि आपली स्वतःची आणूं," असें ते म्हणाले.

हें वाटतें तितकें सोपें नव्हे. एकच कांचेची तार विभाजकापाशीं येऊन तेथून, उदाहरणार्थ, 32 घरांस फुटते. सर्वांचे संदेश परत जातात ते त्याच एका तारेनें. म्हणून मुख्य केंद्र प्रत्येक पेटीस पाळीपाळीनें निमिषाहूनहि लहान अवधि नेमून देतें. पाळी नसतां एखादी पेटी प्रकाशली तर शेजाऱ्यांच्या संदेशांत गोंधळ उडेल. सबब जिचा अनुक्रमांक नोंदींत नाहीं अशा पेटीस केंद्र दाद देत नाहीं. कंपनीचा हा आग्रह निव्वळ अरेरावी नव्हे, हें आम्हांस कबूल आहे. तरीपण अमेरिकेंत 1968 सालीं कार्टरफोन प्रकरणांत, तारायंत्रणेस अपाय न करणारें ग्राहकाचें उपकरण टेलिफोन कंपनीनें अडवूं नये, असा निर्णय झाला. आणि जर्मनींत 1 ऑगस्ट 2016 पासून ग्राहकास स्वतःचा मोडेम जोडण्याचा हक्क कायद्यानें मिळाला. बंधूंनीं हे दोन्ही दाखले आम्हांपुढें मोठ्या आवेशानें मांडले.

परंतु आमच्या मातोश्रींचा टेलिफोन त्याच पेटींत खोंचलेला. त्यांस मोबाईलची संवय नाहीं. नागपुरास दिलेल्या आमच्या भगिनींचा आवाज त्या रोज सायंकाळीं ह्याच टेलिफोनवर ऐकतात. त्याची नोंदणी पेटीच्या पोटांत, आणि ती कंपनी कोणास सांगेना. पेटी गेली कीं तो आवाजहि गेला. येथें जर्मनीचा कायदा काय कामाचा! बंधू दोन दिवस कोणाशीं फारसें बोलले नाहींत.

शेवटीं तीन अर्ज दिल्यावर कंपनीचा माणूस आला आणि त्यानें पेटी 'ब्रिज' स्थितींत नेली. म्हणजे इंटरनेटपुरतें रूपांतराचें काम तेवढें तिच्याकडे उरलें, घरांतील वांटणी तिनें सोडली. टेलिफोन पूर्ववत् चालूं राहिला. पेटीपासून एक केबल माजघराच्या चौकटीवरून आंत नेऊन तेथें आम्हीं विकत घेतलेला राऊटर बसविला व जोडणीचें नांव आणि परवलीचा शब्द त्यांत घातला. उन्हाळ्यांत वीज वारंवार जाते, म्हणून दोहोंस मिळून 12 व्होल्टची लहान बॅटरी जोडली. एकट्या राऊटरला ती देऊन भागत नाहीं, कारण पेटी विझली कीं राऊटर जागा राहून काय करणार?

आतां तक्रार झाली कीं कंपनीचा माणूस आपल्या पेटीपर्यंत तपासतो व परत जातो; पुढचें सारें बंधूंकडे. राऊटरच्या आज्ञावलीची नवी आवृत्ति आली म्हणजे ती मुलें निजल्यावर चढवावी लागते, कारण तेवढा वेळ घरभर सारें बंद पडतें. पुतणी मात्र आपल्या खोलींत दार लावून वाचीत बसते. ओसरीवर हळदीचा भाव कितीहि चढला तरी तिला त्याचा पत्ता नसतो.