सासूबाईंचा न विचारलेला प्रश्न

आमच्या सासूबाई तशा धीराच्या. सत्तरी गाठली तरी पहाटेचा सडा-रांगोळी त्यांचीच. पण गेल्या दिवाळीच्या तोंडावर दोनदा चक्कर येऊन पडल्या. दुसऱ्या वेळी देगलूरच्या डॉक्टरांनी नाडी पाहिली, तर मिनिटाला ३८ ठोके! तसंच नांदेडला नेलं आणि पेसमेकर बसवून घरी आणलं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झालं, त्यामुळे पैशाचा घोर नव्हता.

पेसमेकर म्हणजे काडेपेटीपेक्षाही चपटं असं एक यंत्र. खांद्याखाली कातडीच्या आत ते ठेवतात आणि त्याची तार शिरेतून हृदयापर्यंत नेतात. ठोका वेळेवर पडला तर यंत्र गप्प बसतं. चुकला तर विजेचा हलकासा इशारा देतं.

घरी आल्यावर माझ्यातली शिक्षिका जागी झाली. डावा हात काही आठवडे खांद्याच्या वर न्यायचा नाही, जड उचलायचं नाही, एवढंच दवाखान्यात सांगितलं होतं. मी त्याचा अर्थ केला, हात हलवायचाच नाही! वेणी मी घालायची, ताट मी हातात द्यायचं. मिक्सर लावायच्या आधी त्यांना बाहेरच्या खोलीत बसवायचं. आमच्या चार वर्षांच्या चिरंजीवांना तर आजीच्या कुशीत शिरायलाही बंदी. सासूबाई गप्प गप्प राहू लागल्या. मला वाटलं, आराम चाललाय.

सहा आठवड्यांनी पहिल्या तपासणीची तारीख आली, तर त्या जायला तयार होईनात. ‘कामून जायचं? मला काही होत नाही. उगा नांदेडपर्यंत अंग खिळखिळं करून घ्यायचं.’ ह्यांनी गाडी सांगतो म्हटलं, तरी नाही. शेवटी रात्री मी भांडी आवरत होते, तेव्हा जवळ येऊन हळूच म्हणाल्या, ‘ते मशीन बंद करून बघतात का गं?’

‘नाही हो आई, काहीतरीच काय!’ असं म्हणून मी मोकळी झाले. खरं तर मला उत्तर ठाऊक नव्हतं.

शाळेतून रजा काढली आणि नरसीमार्गे आम्ही दोघी एसटीनेच गेलो. तपासणीत सुई नाही, कापाकापी नाही. आधी डॉक्टरांनी जखम पाहिली. लाली, सूज, पाणी येणं, ताप यातलं काही असेल तर तारखेची वाट न बघता यायचं, असं बजावलं. मग सासूबाईंना कॉटवर निजवून ईसीजीच्या तारा लावल्या आणि पेसमेकरच्या जागेवर कपड्यावरूनच संगणकाच्या माऊससारखी एक वस्तू ठेवली. समोरच्या पडद्यावर सगळा हिशेब आला. बॅटरी किती, तारा नीट बसल्यात का, सहा आठवड्यांत यंत्राला किती वेळा मदत करावी लागली, सगळं!

तिथला मुलगा मोठा समजूतदार होता. म्हणाला, ‘आजी, आता घडीभर यंत्राचा वेग कमी-जास्त करतो. छातीत धडधडल्यासारखं, नाहीतर हलकं वाटेल. वाटलं की लगेच सांगा.’ म्हणजे सासूबाईंचा प्रश्न काही अगदीच अडाणीपणाचा नव्हता! यंत्र तसंच बंद करून ठेवत नाहीत. पण आपलं हृदय आपल्या बळावर कितपत चालतं आणि कमीत कमी किती विजेला ते साद देतं, हे मात्र बघतात. सुरुवातीला वीज जरा जास्तच ठेवलेली असते. तार हृदयात रुळली की ती कमी करतात, म्हणजे बॅटरी पुष्कळ वर्षं पुरते. आपण उकळी आली की गॅस बारीक करतो ना, तसंच.

मग डॉक्टर म्हणाले, ‘हात वर करा पाहू.’ हात खांद्यापर्यंतसुद्धा जाईना. सहा आठवडे न हलवल्याने सांधा आखडला होता. चूक सर्वस्वी माझी. मी मान खाली घालून व्यायाम लिहून घेतले.

‘काही विचारायचंय?’ असं डॉक्टरांनी विचारलं. मी माझी यादी काढली. मिक्सर, टीव्ही खुशाल चालू द्या. इंडक्शन शेगडीपासून दोन फूट लांब राहा. मोबाईल उजव्या कानाला धरा आणि पोलक्यात मुळीच ठेवू नका. एमआरआय सांगितला तर पेसमेकर असल्याचं आधी सांगा. मी वही मिटणार, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, ‘डॉक्टरसाहेब, माझा वेळ आला आणि हे चालूच राहिलं, तर जीव अडकून राहतो का?’

मला काही सुचेना. सहा आठवडे ही बाई हा प्रश्न उराशी धरून एकटी बसली होती, आणि मी मिक्सरची काळजी करत होते.

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, ‘नाही आजी. हे नुसतं हाक मारतं. वेळ आली की हृदय ओ देत नाही. मग याचं काही चालत नाही. फक्त अग्नी देण्याआधी ते काढायला घरच्यांनी सांगायचं, कारण बॅटरी फुटते.’ सासूबाईंनी मोठा श्वास सोडला.

परतताना मी त्यांना वाचलेली हकिकत सांगितली. स्वीडनमध्ये ८ ऑक्टोबर १९५८ ला आर्ने लार्सन नावाच्या माणसाच्या शरीरात जगातला पहिला पेसमेकर बसवला. त्याच्या बायकोने डॉक्टर आणि इंजिनीअर या दोघांच्या मागे लकडा लावला होता. पहिलं यंत्र काही तासांतच बंद पडलं. पण पुढे वीसहून अधिक पेसमेकर बदलत तो ८६ वर्षांचा होऊन २००१ साली गेला, तोही कर्करोगाने. सासूबाई म्हणाल्या, ‘बायको खमकी होती म्हणायची!’

त्या रात्री नातू आजीच्या कुशीत झोपला. महिन्याभरात आई आपली वेणी आपण घालू लागल्या.

मैत्रिणींनो, तुमच्या घरी कुणाची अशी तपासणी असेल, तर पेसमेकरचं कार्ड, दवाखान्याचे कागद आणि चालू गोळ्या बरोबर घ्या. कधी चक्कर आली, दम लागला, हे तारखेसह टिपून ठेवा. आणि आदल्या रात्री त्या माणसाजवळ थोडा वेळ बसून विचारा, ‘तुम्हाला काय विचारायचंय?’ आपली यादी नंतर करता येते.